जलप्रवासाची शिदोरी

छत्रपती संभाजीनगरात संस्कृत शिकविण्यात आमच्या आयुष्याची पस्तीस वर्षे गेली. रघुवंशाच्या तेराव्या सर्गातील समुद्रवर्णन या काळात किती वेळा समजावून दिले असेल त्याची गणती नाही. परंतु ज्याने समुद्रावर एक रात्रही काढलेली नाही असा मास्तर, ज्यांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेलाच नाही अशा मुलांपुढे लाटांची वर्णने करीत आहे, ही गोष्ट मनास नेहमी खटकत असे. गेल्या माघात ती उणीव भरून निघाली. मुंबईहून गोव्यास जाऊन परत येणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजाची, ज्यास हल्ली सर्वजण क्रूझ म्हणतात, चिरंजीवांनी तिकिटे काढली, आणि आमचे अकरा माणसांचे कुटुंब तीन रात्री पाण्यावर राहून आले. आल्यापासून आप्तेष्टांचे प्रश्न थांबत नाहीत. प्रत्येकास निरनिराळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सर्व लिहून काढावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रवासाचा बेत निघताच पहिला आक्षेप आला तो आमच्या थोरल्या भगिनी अक्का यांचा. त्यांचे वय ७६. गेली पन्नास वर्षे आमच्या घरचे स्वयंपाकघर त्यांच्याच आधारावर चालले आहे. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे समुद्रावर जाणे चालते का रे?" आम्ही सांगितले, की बौधायन धर्मसूत्राने समुद्रगमन हे पतनीय कर्मांत मोजले आणि पुढील निबंधकारांनी ते कलिवर्ज्यांत घातले हे खरे, तथापि १८८३ साली आनंदीबाई जोशी वयाच्या अठराव्या वर्षी कलकत्त्याहून आगबोटीने अमेरिकेस गेल्या, वैद्यकीय पदवी घेऊन परत आल्या, आणि आज त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. शिवाय आपले पैठण तरी समुद्रापासून कोठे अलिप्त होते? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' ग्रंथात पैठणहून भडोच बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या मालाची नोंद आहे, आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आजही दिसते.

अक्कांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि मग खरी गोष्ट सांगितली. "शास्त्राचे राहू दे. माझ्या सुया आणि माझे पथ्य तिथे कोण सांभाळणार?" अक्कांस बारा वर्षांपासून मधुमेह असून त्या इन्शुलिन घेतात. "ते आमच्याकडे लागले," असे आम्ही मोठ्या ऐटीने म्हणालो. त्या शब्दांची किंमत पुढे कशी मोजावी लागली ते ओघाने येईलच.

आता मुद्द्याकडे वळू. प्रथम ऋतूचा विचार. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील समुद्र खवळलेला असतो. म्हणून दिवाळीनंतरचे थंडीचे महिने या प्रवासास उत्तम. तिकीट काढताना नुसत्या भाड्याच्या आकड्यावर भुलू नये. कर, बंदराचा आकार, सेवाशुल्क हे सर्व धरून एकूण किती होते, भोजनात काय समाविष्ट आहे आणि कशास वेगळे पैसे पडतात, हे लेखी विचारून घ्यावे. जहाजावरील वैद्याचे शुल्क बहुधा निराळे असते, म्हणून वृद्धांसाठी प्रवासविमा अवश्य उतरवावा. त्यात जुना आजार मोडतो की नाही, हेही वाचून पाहावे. देशांतर्गत प्रवासास पारपत्र लागत नाही. परंतु लहान मुलांसुद्धा प्रत्येकाचे सरकारी ओळखपत्र, तेही मूळ प्रत, जवळ हवे. घरात कोणी गर्भवती असेल तर आधीच चौकशी करावी. चोविसावा आठवडा लागल्यावर जहाज कंपन्या सहसा प्रवेश देत नाहीत.

खोली निवडताना दृश्यापेक्षा वयाकडे पाहावे. मध्ये टेकू देऊन ठेवलेल्या लांब फळीची टोके जशी वरखाली होतात आणि मध्य जवळजवळ स्थिर राहतो, तसेच जहाजाचे आहे. नाळेकडील व पिछाडीकडील खोल्या अधिक हलतात, वरचे मजलेही अधिक डोलतात. ज्यांस बोट लागण्याची भीती आहे त्यांनी मधल्या भागातील खालच्या मजल्यावरील खोली घ्यावी. वृद्धांची खोली उद्वाहकापासून, म्हणजे लिफ्टपासून, फार दूर नसावी. कारण या जहाजांच्या बोळांची लांबी आपल्या गल्लीएवढी असते.

संभाजीनगरकरांनी विशेष लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की आपल्यापासून मुंबई रेल्वेने सुमारे ३७५ किलोमीटर आहे आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. त्याच दिवशी सकाळी पोहोचणाऱ्या गाडीवर भिस्त ठेवण्यापेक्षा आदल्या दिवशीच मुंबईस जाऊन मुक्काम करावा. आम्ही ती एका दिवसाची काटकसर केली आणि रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघालो. बॅलार्ड पियर येथील क्रूझचा धक्का छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जवळच आहे, तेव्हा वेळेवर पोहोचलो खरे. पण जागरणाने सर्वांची चित्ते भ्रमिष्ट झालेली होती. आणि येथेच आमचा प्रमाद घडला.

धक्क्यावर मोठे सामान हमालांकडे सोपवावे लागते. ते खोलीच्या दाराशी कित्येक तासांनी, कधी सायंकाळीही येते. आम्ही घरी एक सुंदर यादी केलेली होती. तीत 'अक्कांची औषधे' या सदराखाली इन्शुलिन, रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र आणि ग्लुकोजची पुडी ही सर्व एका डब्यात घालून तो डबा निळ्या पेटीत ठेवावा, असे आम्हीच लिहिले होते व तसेच केले होते. पेटी हमालाने नेली. पुढे ओळखपत्रांची, सुरक्षातपासणीची आणि किल्लीची अशा तीन रांगा. सकाळची मात्रा अक्कांनी गाडीतच घेतलेली. न्याहारी मात्र गडबडीत दोन घास. एक वाजण्याच्या सुमारास त्या बोलेनाशा झाल्या. कपाळावर दरदरून घाम, हातास कंप, नजर अनोळखी. साखर उतरली होती, आणि जिने ती चढवावयाची ती पुडी निळ्या पेटीत, पेटी जहाजाच्या पोटात! मास्तरांची यादी खिशात घडी घालून व्यवस्थित होती.

त्या प्रसंगी सूनबाई पुढे झाल्या. निघण्यापूर्वी राजाबाजारातील संस्थान गणपतीचे दर्शन घेतले होते. तेथे देवापुढे ठेवलेल्या बत्ताशांची पुडी त्यांच्या पिशवीत होती. त्यांनी बत्तासे पाण्यात विरघळवून ते पाणी अक्कांस घोट घोट पाजले, कारण त्या अद्याप गिळू शकत होत्या. पंधरा मिनिटांत नजर निवळली. मग बिस्किटे, मग केळे. तेथील एका कर्मचाऱ्याने खुर्ची आणून दिली व आम्हांस रांगेतून पुढे नेले. सूनबाई आम्हांस एवढेच म्हणाल्या, "अण्णा, सायंकाळची सुई मी एक बरोबर ठेवली आहे. तुमच्या यादीत नव्हती, म्हणून बोलले नाही." आम्ही काय उत्तर देणार?

तेव्हा पहिला आणि सर्वश्रेष्ठ नियम असा: औषधे, वैद्याची चिठ्ठी, चष्मा, दातांची कवळी, ओळखपत्रे आणि एक कपड्यांचा जोड ही नित्य हाताशी असलेल्या पिशवीत असावी. मधुमेह्याजवळ साखर त्याच्या स्वतःच्या खिशात असावी. औषधे प्रवासाच्या दिवसांहून दोन-तीन दिवसांची जास्त घ्यावी. आणि यादी एकाने करून दुसऱ्याने वाचावी. विशेषतः कर्त्या पुरुषाने केलेली यादी घरातील स्त्रियांनी तपासावी.

काय नेऊ नये, तेही सांगतो. जहाजावर अग्नीचे भय पाण्याहून मोठे. म्हणून इस्त्री, चहाची विजेची किटली, मेणबत्ती, काडेपेटी हे सर्व वर्ज्य. उदबत्ती आणि निरांजनही त्यातच आले. आमच्या सौभाग्यवतींस हे फार कठीण वाटले. अखेर देवांची लहान तसबीर, हळदकुंकू आणि मानसपूजा यांवर तोडगा निघाला. सुपारीचा अडकित्ता तपासणीत काढून घेतात. घरी केलेले लाडू-चिवडेही बहुधा आत नेऊ देत नाहीत. परंतु शाकाहारी भोजनाची सोय उत्तम असते, आणि कांदालसूण वर्ज्य असणाऱ्यांनी तिकीट काढतानाच कळविल्यास अडचण पडत नाही.

जहाज सुटण्यापूर्वी सर्व प्रवाशांस एकत्र बोलावून संकटकाळची कवायत समजावितात. आमचे बंधू म्हणाले, "तुम्ही जा, मी जरा पडतो." आम्ही त्यांस उठवून नेले. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' हे प्रचंड प्रवासी जहाज खडकावर आदळून ३२ जण दगावले. त्यावर त्याच सायंकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. तेव्हापासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला आहे. सात आखूड भोंगे आणि एक दीर्घ भोंगा हा संकटाचा इशारा. तो नातवंडांकडून पाठ करून घ्यावा. आपले जमण्याचे ठिकाण कोणते, तेथे जिन्याने कसे जावयाचे आणि कोणत्या वडीलधाऱ्यांस कोणी हात द्यावयाचा, हे त्याच दिवशी ठरवून टाकावे.

कोकणातील लोक ज्यास 'बोट लागणे' म्हणतात, त्याचे कारण असे, की खोलीत बसले असता डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते आपण हलत आहोत. या दोन साक्षीदारांत एकवाक्यता करावी. म्हणजे मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावे. पुस्तक किंवा फोन वाचू नये, पोट अगदी रिकामेही ठेवू नये व तडसही लागू देऊ नये. आल्याचा तुकडा चघळल्याने कित्येकांस बरे वाटते. औषध घ्यावयाचे तर त्रास सुरू होण्यापूर्वीच घ्यावे. मात्र या गोळ्यांनी सुस्ती येते, आणि काचबिंदू किंवा मूत्रावरोध असणाऱ्या वृद्धांस त्यांतील काही बाधतात, म्हणून आपल्या डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये.

भोजनापूर्वी साबणाने हात धुण्याचा आपला जुना परिपाठ येथे फारच उपयोगी. एकाच छपराखाली हजारो माणसे असल्यामुळे उलट्या-जुलाबांची साथ लवकर पसरते, आणि तिचे कारण असणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसत्या जंतुनाशक द्रवाचा भरवसा धरता येत नाही; पाणी आणि साबणच हवे.

पैशांविषयी दोन शब्द. खोलीची किल्ली म्हणजे एक कार्ड. तेच दाखविले की जिन्नस मिळतो आणि हिशेब खोलीच्या नावे चढतो. आमच्या नातवाने खेळण्याच्या दालनात ते कार्ड अर्धा दिवस मोठ्या उदारपणे वापरले. म्हणून मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घ्यावी आणि रोज रात्री हिशेब पाहावा. फोन किनारा सुटताच 'फ्लाइट मोड'वर टाकावा; जहाजावरील उपग्रहाच्या जाळ्यास तो आपोआप जोडला गेल्यास मोठे देयक येऊ शकते.

गोव्यास मुरगाव बंदरात उतरल्यावर घड्याळ जहाजाच्या वेळेशी जुळवून ठेवावे आणि परतीच्या वेळेपूर्वी निदान एक तास धक्क्यावर असावे. शेवटच्या रात्री मोठे सामान खोलीबाहेर ठेवावयास सांगतात. त्यात दुसऱ्या दिवशीचे कपडे घालू नयेत. आमच्या बंधूंनी ते घातले आणि रात्रीच्या लेंग्यातच मुंबईचा किनारा गाठला.

त्याच शेवटच्या रात्री आम्ही अक्कांस घेऊन वरच्या सज्जात बसलो होतो. चांदणे होते, समुद्र शांत होता. आमच्या मनात धक्क्यावरील ती दुपार अद्याप सलत होती, म्हणून क्षमेचे दोन शब्द बोलू लागलो. त्यांनी हाताने थांबविले आणि म्हणाल्या, "अरे, लग्न झाल्यापासून सलग तीन दिवस मला कोणी बसल्या जागी वाढले नव्हते. ते या बोटीवर झाले. बाकीचे विसर."

घरी आल्यावर आम्हांस वाटले, की जहाजावर सुख विकत मिळते, त्यासाठीच पैसे मोजलेले असतात. पण आपल्या माणसांची काळजी तिकिटात येत नाही, ती शिदोरीसारखी घरूनच बांधून न्यावी लागते. अक्कांची औषधांची लहान पिशवी आता त्यांच्या उशाशी खुंटीवर असते, आणि तिची यादी सूनबाईंच्या हातची आहे. परवा अक्कांनी लक्षद्वीपास जाणाऱ्या बोटीविषयी विचारले. तेथे प्रवेशपरवाना लागतो, एवढे आम्ही सांगितले. पुढील चौकशी सूनबाईंकडे सोपविली आहे.