नुसते ‘शी फर्गेट्स’ सांगू नका

डॉक्टरांनी ‘हाउ इज हर मेमरी?’ असे विचारले की आपण मंडळी एका दमात सांगून मोकळे होतो, ‘शी फर्गेट्स अ लॉट.’ घरात मराठीत बोलताना मात्र आपण इतके ढोबळ कधीच बोलत नाही. ‘लक्षातच आलं नाही’, ‘लक्षात राहिलं नाही’, ‘अगदी ओठांवर आहे पण आठवत नाही’, ‘गोळी घ्यायचं वेळेवर आठवलं नाही’, या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. इंग्रजीतही त्यांना वेगळे शब्द आहेत. पहिलीला ‘इट डिडन्ट रजिस्टर’, दुसरीला ‘शी डझन्ट रिटेन इट’, तिसरीला ‘शी कान्ट रिकॉल’ आणि चौथीला ‘शी नीड्स रिमाइंडर्स’. चारींचे मिळून एक ‘फर्गेट’ केले की डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही.

यातली ‘रिकॉल’ आणि ‘रेकग्नाइज’ ही जोडी नीट समजून घ्यावी. कोणी काही न सुचवता आठवणे म्हणजे रिकॉल आणि समोर आल्यावर ओळखणे म्हणजे रेकग्नाइज. स्मरणशक्तीच्या चाचणीत तीन किंवा पाच शब्द सांगतात आणि काही मिनिटांनी विचारतात. आठवले नाहीत तर काही चाचण्यांत थोडे सुचवूनही पाहतात. सुचवल्यावर आठवले तर शब्द आत पोचला होता, फक्त बाहेर काढायला वेळ लागला. सुचवूनही ओळख पटत नसेल तर तो बहुधा साठवलाच गेला नव्हता. अल्झायमर्समध्ये हा दुसरा प्रकार जास्त दिसतो, तर नैराश्यात पुष्कळदा सुचवण्याचा उपयोग होतो. अर्थात एवढ्यावरून घरी निदान करत बसू नये. पण आईला नातवाचे नाव सुचवल्यावर आठवते की सुचवूनही नाही, हे पाहून ठेवायला काय हरकत आहे?

‘लक्षातच आलं नाही’ या तक्रारीकडे तर विशेष लक्ष द्यावे. कमी ऐकू येत असेल तर गोष्ट विसरण्याचा प्रश्नच येत नाही, ती मुळी ऐकलेलीच नसते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावे), थायरॉइड, नैराश्य, यांची तपासणी आणि उपचार दोन्ही होतात. झोपेसाठी दुकानातून आणलेल्या ज्या गोळ्यांत डायफेनहायड्रामिन असते, त्यांनीही म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ वाढतो. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.

आता चाचणीच्या भाषेबद्दल. १९७५ सालापासून वापरात असलेल्या ‘मिनी-मेंटल’ या ३० गुणांच्या चाचणीत ‘वर्ल्ड’चे स्पेलिंग उलटे सांगायला लावतात आणि ‘नो इफ्स, अँड्स ऑर बट्स’ हे वाक्य म्हणून दाखवायला सांगतात. आमच्या सासूबाईंची शाळा कोकणात, मराठीतून, सातवीपर्यंत. त्यांना ‘वर्ल्ड’ सुलट तरी कुठून येणार? पहिल्या दवाखान्यात याचेच गुण कापले गेले आणि ‘भाषेचा प्रश्न दिसतो’ म्हणून विषय तिथेच संपला.

दुसऱ्या ठिकाणी मी आधीच फोन करून मराठी दुभाषी मागितला. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या इस्पितळांवर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणानुसार भाषेची सोय करण्याची जबाबदारी असते आणि त्याचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. घरच्यांनी दुभाषी होऊ नये हे माझे ठाम मत आहे. आपण नकळत ‘अगं आई, सांग ना, सकाळी काय खाल्लंस, पोहे ना?’ असे करतो आणि परीक्षा आपलीच होते. फोनवरच्या बाईंनी महिने उलटे म्हणायला सांगितले, तर सासूबाईंनी फाल्गुन, माघ, पौष करत थेट चैत्रापर्यंत न अडखळता म्हटले. डॉक्टर गोंधळले, दुभाषीबाईंनी ‘ऑल करेक्ट’ म्हणून सांगितले. पण तीन शब्दांपैकी एकच आठवला. बाकीचे दोन सुचवले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “हे तुम्ही सांगितलेच नव्हते.” भाषेच्या आड लपलेला खरा प्रश्न तेव्हा कुठे उघडा पडला.

आपल्याकडे या विषयाला एकतर ‘विसरभोळ्या’ असे कौतुकाने म्हणतात, नाहीतर ‘साठी बुद्धी नाठी’. मधला शब्द नाही. ‘स्मृतिभ्रंश’ आहे, पण तो गीतेतला. तिथे त्याचे मूळ क्रोधात सांगितले आहे, आणि आजाराचा रागाशी काही संबंध नाही. ‘डिमेन्शिया’ हा लॅटिन शब्द म्हणूनच बरा, त्यात निदान टोमणा तरी नाही. ज्यांना मेडिकेअर आहे त्यांच्या दरवर्षीच्या ‘वेलनेस व्हिजिट’मध्ये स्मृतीची विचारपूस धरलेलीच असते. डॉक्टरांनी ती केली नाही तर आपण आठवण करावी.

पैशांच्या बाबतीत दोन शब्द शिकून ठेवावेत. ‘कपॅसिटी’ म्हणजे कागदावर काय लिहिले आहे ते समजून सही करण्याची क्षमता. काल जेवणात काय होते ते आठवत नसले तरी ती शाबूत असू शकते. म्हणून निदान झाले की कागदपत्रांची घाई करावी, आशा सोडू नये. दुसरा ‘ड्युरेबल’. इथल्या पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीत हा शब्द असेल तर माणसाची समज गेल्यावरही ती चालू राहते. भारतात मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची मानसिक स्थिती बिघडली की साधारणपणे मुखत्यारी संपते. पुण्यातला फ्लॅट आईच्या नावावर आहे आणि ‘मुखत्यारपत्र करून ठेवलंय’ म्हणून आपण निर्धास्त आहोत, असे असेल तर तिथल्या वकिलाला हे कलम दाखवून विचारावे, आणि आई स्वतः सही करू शकते आहे तोवरच विचारावे. इथल्या ब्रोकरेज खात्यावर ‘ट्रस्टेड कॉन्टॅक्ट’ म्हणून एक नाव देता येते. त्या व्यक्तीला पैशाला हात लावता येत नाही, पण काही संशयास्पद दिसले तर कंपनी तिला फोन करू शकते. फॉर्म लहानसा असतो.