घरी खोललेले इंजिन आणि काही रूढ गैरसमज

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी आरंभिली, आणि पुढे त्याच वंशातील एमएम 540 ही, प्यूजोच्या आराखड्यावर बेतलेले 2112 घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन धारण करणारी जीप महाराष्ट्रातल्या शेतांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत सर्वत्र रुजू झाली. अशी एखादी जुनी जीप मीरा-भाईंदरच्या गृहसंकुलाच्या आवारात उभी करून, रविवारच्या फुरसतीत तिचे इंजिन स्वतःच्या हातांनी खोलणारे हौशी गृहस्थ मला मनापासून आदरणीय वाटतात. परंतु लायनर, पिस्टन आणि रिंगा बदलून इंजिन एकदाचे धडधडू लागले की काम फत्ते झाले, अशी जी समजूत त्यांच्यात दृढ झालेली दिसते, ती सर्व अनर्थांचे मूळ आहे. वस्तुतः पहिले हजार किलोमीटर हाही दुरुस्तीचाच भाग असतो.

या काळात गाडी अगदी हळू, एकाच संथ गतीने चालवावी, किंबहुना ती जागेवरच तासन्‌तास चालू ठेवावी, असा उपदेश सर्रास केला जातो. आता सिलिंडरच्या आत काय घडते ते पाहावे. नव्या लायनरच्या पृष्ठभागावर होनिंगने पाडलेल्या सूक्ष्म तिरकस रेषा असतात. इंधन जळून निर्माण झालेला दाब रिंगांच्या पाठीमागे शिरून त्यांना भिंतीवर रेटतो, आणि त्या रेट्यानेच रेषांची टोके झिजून रिंग व भिंत यांची परस्परांशी जुळवणी होते. इंजिनावर भारच नसेल तर हा दाब अपुरा पडतो, भिंतीवर जळक्या तेलाचा काचेसारखा गुळगुळीत थर बसतो, आणि मग नव्या रिंगा असूनही इंजिन तेल पीत राहते व निळसर धूर सोडते. म्हणून काशिमीऱ्याच्या वाहतूक कोंडीत ताटकळण्यापेक्षा, पहाटे भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोरवा या गावांवरून उत्तनकडे जावे, गती कमीअधिक करीत राहावे, चढावर योग्य गिअर घालून इंजिनाला मध्यम भार द्यावा. कमाल वेग आणि उंच गिअरमध्ये इंजिन दमवणे या दोन गोष्टी मात्र सर्वथा वर्ज्य. सुमारे पाचशे किलोमीटरनंतर तेल व फिल्टर बदलावा, कारण झिजलेल्या धातूचे कण त्या पहिल्या तेलात उतरलेले असतात.

तेलाविषयीही एक समजूत प्रचलित आहे : तेल जितके घट्ट, तितके जुन्या इंजिनाला हितकारक. झिजलेल्या इंजिनात घट्ट तेलाने आवाज काही काळ दबतो हे खरे. पण नुकत्याच बदललेल्या बेअरिंगांच्या अरुंद फटीत ते थंड अवस्थेत उशिरा पोहोचते, आणि पहिल्या काही क्षणांची ती कोरडी झीज पुढे महागात पडते. निर्मात्याच्या पुस्तिकेत नमूद केलेला दर्जा पाळणे हेच श्रेयस्कर.

सर्वांत घातक मला वाटतो तो थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला. मुंबईसारख्या उष्ण हवेत त्याची गरजच काय, असा युक्तिवाद केला जातो, आणि तो ऐकायला सयुक्तिक भासतो. परंतु थर्मोस्टॅटचे काम इंजिनाला ठरावीक, साधारणपणे ऐंशी अंशांच्या पुढच्या, तापमानावर लवकर आणून तेथे राखण्याचे आहे. तो नसेल तर इंजिन दीर्घकाळ थंडच धावते, न जळलेले डिझेल भिंतींवरचे तेल धुऊन खालच्या तेलात मिसळते, आणि ज्या लायनरांसाठी एवढी यातायात केली तेच अकाली झिजतात. गाडी तापत असेल, तर दोष रेडिएटरच्या तुंबलेल्या नळ्यांत, पंख्याच्या पट्ट्यात, वॉटर पंपात किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधावा. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवयही सोडली पाहिजे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्याने क्षार साचतात आणि गंज चढतो. या इंजिनाचे लायनर थेट त्या पाण्यात उभे असतात, त्यामुळे कूलंट व शुद्ध केलेले पाणी यांचे मिश्रण ही येथे चैन नव्हे. लायनरच्या तळच्या रबरी रिंगा निकामी झाल्या की पाणी तेलात उतरते, आणि डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसताच इंजिन बंद करण्यावाचून गत्यंतर नसते.

हेडचे बोल्ट अंगातल्या बळाने आवळले म्हणजे गॅस्केट पक्के बसते, हाही तसाच भ्रम होय. टॉर्क रेंच, मध्यापासून कडेकडे जाणारा क्रम आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला ताण, या तिन्हींखेरीज हेड समतल बसत नाही. पुस्तिकेत सांगितले असल्यास काही अंतर धावल्यावर ते पुन्हा आवळावे लागते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून उंच जीप सुखरूप जाईलच, ही खात्री बाळगू नये. पाणी दाबले जात नाही. एअर क्लीनरमधून ते सिलिंडरात शिरले तर वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करता ओढून बाहेर काढावी.

राहिला कायद्याचा प्रश्न. पंधरा वर्षे उलटली की गाडी भंगारातच जाते, ही धारणा दिल्लीतील हुकमांवरून पसरली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर घातलेली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अंमलात आणण्यास फर्मावलेली बंदी राजधानी परिसरापुरती होती. ती ठाणे जिल्ह्याला लागू नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 41 अन्वये खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीनंतर तिचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. मात्र दुरुस्तीच्या ओघात ब्लॉकच बदलला असेल, तर इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळणार नाही, आणि पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसवले असेल तर मामला अधिकच गंभीर होतो. अशा बदलाची रीतसर परवानगी व नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी, विमा कंपनीला कळवावे आणि पीयूसीचा नवा दाखला हाती आल्यावरच गाडी हमरस्त्यावर न्यावी.