मापनातील अनाहूत घटक : तारापूरच्या निमित्ताने

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधे, रंग आणि कापड यांचे कारखाने एकमेकांस लागून उभे आहेत व त्यांचे सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या समुद्राकडे जाते. त्याविरुद्ध मांगेला समाजाची तक्रार २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली आणि २०१८च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. अशा पाण्याचा निवाडा ज्या सीओडीच्या (रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या) आकड्यावर होतो, त्याचा पूर्वेतिहास तपासण्याजोगा आहे.

सीओडी मोजण्याची डायक्रोमेटची रीत १९४९ साली मांडली गेली. नमुना आम्लात डायक्रोमेटसह दोन तास उकळावयाचा, उरलेल्या डायक्रोमेटचे टायट्रेशन करावयाचे, आणि फेरॉइन या दर्शकाचा निळसर हिरवा रंग एका थेंबासरशी तांबूस झाला की वाचन नोंदवावयाचे. परंतु तोच डायक्रोमेट क्लोराइडवरही खर्ची पडतो : लिटरमागे २००० मिलिग्रॅम क्लोराइड असल्यास हिशेबाने ४५२ मिलिग्रॅमचा खोटा भार चढू शकतो, आणि सांडपाण्याच्या सीओडीची मुकरर मर्यादा तर २५०ची! डॉब्ज आणि विल्यम्स यांनी १९६३ साली मर्क्युरिक सल्फेटने क्लोराइड बांधून ठेवण्याची तजवीज केली. ती उपयुक्त खरी, पण शत्रू ओळखीचा असेल तरच. अमाइन असल्यास क्लोराइडचे क्लोरीन व परत क्लोराइड असे चक्र पुनःपुन्हा फिरते, उलट पिरिडिन बहुधा अभंगच राहते आणि आकड्यात उतरत नाही.

अनोळखी घटकांसाठी प्रयोगशाळांनी प्रमाणित द्रव्याची भर घालून पाहण्याचा मार्ग धरला, आणि येथेच, माझ्या मते, सर्वांत मोठा गैरसमज रुजला. ही भर संवेदनशीलतेतील घट-वाढ सुधारते. वरून मिसळलेला स्थिर भार मात्र तिला दिसत नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटची भर शंभर टक्के परत मिळेल, आणि तरीही मूळ आकडा क्लोराइडमुळे फुगलेलाच असेल.

पुढे १९७८ साली हो, ख्रिश्चियन आणि डेव्हिडसन या संशोधकांनी दाखवून दिले की, प्रत्येक नमुन्यास एका आकड्याऐवजी प्रतिदीप्तीच्या उत्तेजन व उत्सर्जन अशा दोन दिशांचा तक्ता मिळाला, तर अज्ञात घटक ओळखता न येताही त्याला बाजूस सारून इष्ट द्रव्य मोजता येते. एकाच आकड्याच्या सीओडीला ही सोय कदापि लाभणार नाही.

म्हणूनच प्रयोगशाळांना आणि अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की सीओडीच्या शेजारी क्लोराइडचा आकडा नसेल, तर तो अहवाल परत पाठवावा.