रमण गंगाखेडकर

डॉ. रमण गंगाखेडकर हे भारतीय साथरोगतज्ज्ञ आहेत. एचआयव्ही संसर्गावरील पुण्यातील संशोधनासाठी ते ओळखले जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साथरोग व संसर्गजन्य रोग विभागाचे ते प्रमुख होते. वैद्यकक्षेत्रातील कार्याबद्दल २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

विवाहित स्त्रिया आणि एचआयव्ही

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई येथे आढळला. त्यानंतर सहा वर्षांनी, १९९२ मध्ये, पुण्याजवळील भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. गंगाखेडकरांचे बहुतेक संशोधन याच संस्थेत झाले व पुढे त्यांनी तिच्या संचालकपदाची धुराही वाहिली. त्या काळी हा आजार देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्याकडे जाणारे पुरुष यांच्यापुरताच आहे, अशी सर्वसाधारण समजूत होती. घरंदाज स्त्रीला त्याची बाधा होईल, हा विचार डॉक्टरांच्याही मनात सहसा येत नसे.

गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ५२५ देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यातील संसर्गाचे प्रमाण ४९.९ टक्के निघाले. उरलेल्या ३९१ स्त्रियांतही ते १३.६ टक्के होते. पतीखेरीज कोणाशीही संबंध न आलेल्या विवाहिता या दुसऱ्या गटात होत्या. लैंगिक आजार असलेल्या जोडीदाराशी आलेला संबंध हाच त्यांच्या बाबतीतला मुख्य धोका ठरला. हा अभ्यास १९९७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हे आकडे दवाखान्यात आलेल्या स्त्रियांचे आहेत, समाजातील सर्व स्त्रियांचे नव्हेत. ते वाचताना हा फरक विसरता कामा नये. तरीही त्यांतून निघणारा अर्थ अस्वस्थ करणारा होता. एकनिष्ठ राहण्याचा उपदेश ज्या स्त्रीला केला जात होता, ती आधीच एकनिष्ठ होती. धोका पतीच्या वर्तनात होता आणि निरोध वापरण्याचा आग्रह धरण्याइतके स्थान तिला घरात नव्हते. अशा स्त्रीला स्वतःच्या संसर्गाचा पत्ता अनेकदा गरोदरपणातील रक्ततपासणीत किंवा पतीच्या आजारपणात लागे.

या साखळीची तिसरी कडी म्हणजे मूल. उपचार न मिळाल्यास बाधित मातेकडून बाळाला गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. योग्य औषधांनी ती ५ टक्क्यांच्याही खाली आणता येते. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर येथे मंगल शाह यांनी उभारलेल्या ‘पालवी’ या संस्थेत एचआयव्हीबाधित मुलांचा सांभाळ केला जातो. शासनाने १ एप्रिल २००४ पासून निवडक रुग्णालयांत विषाणूरोधक औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी ती बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होती.

निपाह

मे २०१८ मध्ये केरळमधील कोझिकोड व मलप्पुरम जिल्ह्यांत निपाह विषाणूची साथ उद्भवली. तिच्या नियंत्रणात परिषदेच्या वतीने गंगाखेडकरांचा महत्त्वाचा सहभाग होता. आरंभी रुग्णाच्या घराजवळील विहिरीतील वटवाघळे तपासली गेली. ती कीटकभक्षी होती आणि त्यांच्यात विषाणू सापडला नाही. पुढे त्याच परिसरातील फलाहारी वटवाघळांत तो आढळला. माणसांमधील प्रसार मात्र मुख्यतः रुग्णालयांत, रुग्णाच्या निकट सहवासातून झाला होता. त्यामुळे संपर्कात आलेल्यांचा शोध आणि विलगीकरण यांवर भर देण्यात आला.

कोविड-१९

२०२० मधील टाळेबंदीच्या काळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पत्रकार परिषदांमुळे गंगाखेडकर घरोघरी परिचित झाले. २१ एप्रिल रोजी त्यांनी जलद प्रतिपिंड चाचण्यांचा वापर दोन दिवस थांबवण्याची सूचना राज्यांना जाहीरपणे केली. बाधित असल्याचे आधीच सिद्ध झालेल्या नमुन्यांत या चाचण्यांचे अचूक निदान ६ ते ७१ टक्के इतके कमी-अधिक येत होते. मोठ्या अपेक्षेने मागवलेल्या साधनांविषयी असे उघडपणे सांगणे त्या दिवसांत सोपे नव्हते.

जून २०२० अखेर ते परिषदेतून निवृत्त झाले. त्यानंतर त्यांची परिषदेच्या डॉ. सी. जी. पंडित राष्ट्रीय अध्यासनावर नियुक्ती झाली. चिंतामण गोविंद पंडित हे या परिषदेचे पहिले संचालक होत.