आजोबांचं रिव्हॉल्व्हर: समज, गैरसमज आणि कायदा

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या जुन्या चाळी आणि सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या, की पोटमाळे रिकामे होऊ लागतात. एखाद्या घरात ट्रंकेच्या तळाशी, चामड्याच्या होल्स्टरमध्ये, एक रिव्हॉल्व्हर निघतं. आजोबा महायुद्धाला गेले होते किंवा पणजोबा संस्थानात नोकरीला होते, एवढीच माहिती घरात उरलेली असते. मग सल्ले सुरू होतात. त्यातले बरेच चुकीचे असतात, आणि काही तर थेट तुरुंगात नेणारे.

‘शंभर वर्षं जुनं आहे, परवाना कशाला?’

हा समज बहुधा अमेरिकी माहिती वाचून पसरला आहे. तिथल्या संघीय कायद्यात 1898 पर्यंत बनलेल्या शस्त्रांना सवलत आहे. आपल्याकडे केवळ वयावर सूट मिळत नाही. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 45 कालबाह्य, पुराणमूल्य असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला वगळतं, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसेल तरच. सगळी मेख इथे आहे. चाप अडकलाय, सिलिंडर गंजून बसलंय, एवढ्यावर सूट मिळत नाही, कारण स्प्रिंग बदलून आणि गंज काढून ते पुन्हा चालू शकतं. हे ठरवणं घरच्यांचं काम नाही, शस्त्रतज्ज्ञांचं आहे. कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत अशी तपासणी करणारे तज्ज्ञ असतात. आपणच नळीत शिसं ओतून शस्त्र ‘निकामी’ करणं हाही उपाय नव्हे. शस्त्रात असे फेरफार करायलाही परवाना लागतो.

‘वेब्ली असो की आणखी काही, रिव्हॉल्व्हर ते रिव्हॉल्व्हर.’

इथे मात्र थांबून नीट पाहायला हवं. महाराष्ट्रातल्या घरांत निघणारी जुनी रिव्हॉल्व्हरं अनेकदा ब्रिटिश असतात. 1887 पासून ब्रिटिश सैन्याने वापरलेलं वेब्ली .455 बोअरचं होतं. त्याचं मार्क सहा हे मॉडेल 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात आलं. पुढे .38 बोअरची एनफिल्ड आणि वेब्ली आली. आपल्या नियमांनुसार .380 किंवा .455 ची कडदार काडतुसं ज्यात बसतात आणि उडतात, असं कोणतंही रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरचं ठरतं. नळीवर काय कोरलंय याला महत्त्व नाही, चेंबरमध्ये कोणतं काडतूस बसतं ते महत्त्वाचं. .32 बोअर या यादीत नाही. फरक साधा नाही: विनापरवाना साधं शस्त्र बाळगल्यास 2 ते 5 वर्षं कैद, प्रतिबंधित असेल तर 7 ते 14 वर्षं.

ओळख पटवायची तर खुणा वाचाव्या लागतात. चौकटीवर क्रमांक असतो, वरच्या पट्टीवर बहुधा कंपनीचं किंवा विक्रेत्याचं नाव, आणि नळीवर व सिलिंडरवर चाचणीचे बारीक ठसे. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही रोमन अक्षरं दिसली, तर ते बेल्जियममधल्या लिएजचं. तिथे ब्रिटिश नमुन्यांच्या नकला भरपूर बनत. या खुणांचे फोटो काढा, पण चाप ओढून पाहू नका आणि आत काडतूस आहेच असं धरून चाला.

‘घासूनपुसून चकचकीत केलं की किंमत वाढते.’

उलट जाते. पॉलिश पेपर, चिंच, भांडी घासायची पूड यांनी मूळ काळपट-निळी झळाळी निघून जाते आणि ठसे पुसट होतात. क्रमांक पुसला गेला तर मामला कायद्यातही अडकतो. शस्त्रावरची ओळखखूण काढणं हा गुन्हा आहे, आणि ज्याच्या ताब्यात असं शस्त्र सापडतं त्यानेच ती काढली असं कलम 8 नुसार गृहीत धरलं जातं.

ताबा कायदेशीर असेल, तर निगा अगदी साधी आहे. मुंबईच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं लोखंड खातात, म्हणून शस्त्र होल्स्टरमध्ये कधीच ठेवू नये. सुती हातमोजे घालून धातूवर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. लाकडी मुठीला तेल लावू नये. सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळाभर बदलाव्यात.

‘घराबरोबर शस्त्रही वारसाच्या नावावर होतं.’

होत नाही. परवाना व्यक्तीचा असतो, ती गेली की संपतो. वारसाला नवा परवाना मागावा लागतो. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा नाही, मुंबई पोलीस आयुक्तांचा आहे. प्रतिबंधित बोअर असेल तर प्रश्न केंद्र सरकारपर्यंत जातो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात, आणि वारशाने आलेलीही त्यात मोजली जातात.

‘पोलिसांकडे गेलो तर अडकू’ ही भीती मला समजते. पण परवानाधारक वारल्यावर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावं, हे कलम 21 नेच सांगितलं आहे. जुना परवाना आणि मृत्यू दाखला शोधून ठेवा. परवाना सापडतच नसेल, तर आधी वकिलाशी बोला. शस्त्र पिशवीत घालून रिक्षाने नेऊ नका. ठाण्याला आधी कळवा, ते कसं आणायचं हे विचारा आणि जमा केल्याची पावती घ्या. सोबतची काडतुसंही तिथेच द्या. ती खाडीत किंवा कचऱ्यात टाकू नका, कारण कित्येक दशकांनंतरही ती जिवंत असू शकतात. शंभर वर्षांपुढची वस्तू आठवण म्हणून परदेशातल्या मुलाकडे पाठवायचीही सोय नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्याने तशी निर्यात खाजगी व्यक्तीला बंद आहे.

घरात परवानाधारक हयात असतील, त्यांनी सत्तरी गाठली असेल किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली असतील, तर ते आपल्या हयातीतच वारसाचं नाव सुचवून त्याच्यासाठी परवाना मागू शकतात. तो अर्ज याच वर्षी करून टाका.