बेंटले कॉन्टिनेंटल : वेग, वजन आणि टायर

'ग्रँड टूरिंग' ही संज्ञा इटालियन 'ग्रान तुरिस्मो'चे इंग्रजी रूप होय. मोजके प्रवासी व त्यांचे सामान घेऊन, शीण जाणवू न देता, दीर्घ पल्ला अतिवेगाने गाठणारी मोटार असा तिचा अर्थ. इंग्लंडमध्ये १९५२ साली विक्रीस आलेली बेंटले आर-टाइप कॉन्टिनेंटल हे या जातीचे अभिजात उदाहरण मानले जाते. नावातील 'कॉन्टिनेंट' म्हणजे इंग्रजांच्या बोलण्यातील ब्रिटनखेरीजचा युरोप. तेथील लांब, सरळ रस्ते हेच तिचे अभिप्रेत क्षेत्र होते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी १०० मैलांवरून १२० मैलांवर जावयाचे, तर केवळ हवेसाठी जवळजवळ पाऊणपट अधिक शक्ती हवी. एव्हर्नडेन व ब्लॅचली या अभिकल्पकांनी नवे इंजिन न घेता सलून मोटारीचेच ४,५६६ घनसेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन किरकोळ सुधारणा करून वापरले. छप्पर खाली आणून ते शेपटीपर्यंत उतरते केले. वातबोगद्यात आकृतीची पारख केली. वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे कमी पडतील अशी योजना केली.

परंतु खरी अडचण टायरांची होती. भरवेगात टायर क्षणोक्षणी दबतो व पूर्ववत होतो. त्यातून उष्णता निर्माण होते आणि भार जितका अधिक तितकी ती वाढते. त्या काळच्या टायरांना जड गाडीचा असा वेग दीर्घकाळ सोसणारा नव्हता. म्हणून वजन सुमारे १,७०० किलोंच्या आत ठेवण्याचे बंधन आले. एच. जे. मुलिनर यांच्या कारखान्याने सांगाडा हलक्या मिश्रधातूचा व पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा वापरला. आसनांच्या चौकटी व बंपरदेखील त्याच धातूचे केले. विलास आणि हलकेपणा यांचा असा मेळ क्वचितच साधतो.

सप्टेंबर १९५१ मध्ये पॅरिसजवळील मोंलेरीच्या वर्तुळमार्गावर 'ओल्गा' या प्रायोगिक गाडीने पाच फेऱ्यांत ताशी ११८.७५ मैल सरासरी गाठली. चार आसनांच्या मोटारीस त्या काळी हा वेग असामान्यच होता.

पुढे मात्र ग्राहकांनी जाड गाद्यांची आसने, अवजड बंपर, स्वयंचलित गिअर मागितले आणि वजन पुन्हा वाढत गेले. १९५४ मध्ये ४,८८७ घनसेंटिमीटरचे मोठे इंजिन बसवावे लागले, ते बव्हंशी या वाढीच्या भरपाईसाठीच म्हणावे लागेल. १९५५ पर्यंत 'ओल्गा' धरून एकूण २०८ गाड्या तयार झाल्या.