ना जिभेचा, ना नळीचा

मनोर, विक्रमगड, जव्हार या पट्ट्यात भाताच्या हंगामात घुमणारा तारपा म्हणजे अनुनादकच. वाळलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने घट्ट बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. नळीच्या भोपळ्यातल्या टोकाला बांबूचीच पातळ जीभ असते. फुंकरीने ती थरथरते, हवेत लाट उठते, नळीच्या उघड्या टोकावरून काही अंशी परतते. जाणारी आणि परतणारी लाट मिळून नळीत स्थिर लाट उभी राहते. अशा नळीत तरंगलांबीचा चौथा हिस्सा मावतो. नळी ४० सेंटीमीटरची धरली, तर सेकंदाला सुमारे २१० कंपने होतात. परतलेली लाट जिभेलाही हलवते, म्हणून ऐकू येणारा सूर एकट्या जिभेचा नसतो आणि एकट्या नळीचाही नसतो.

हीच गोष्ट एका आडव्या दोरीला टांगलेल्या दोन सारख्या लंबकांत डोळ्यांनी दिसते. एकाला झोका दिला की थोड्या वेळाने तो थांबतो आणि दुसरा झुलू लागतो. मग पुन्हा उलट. या जोडीच्या स्वतःच्या चाली दोनच: दोघे एका दिशेने, किंवा एकमेकांविरुद्ध. दोन्हींची कंपनसंख्या किंचित वेगळी.

अणू आणि पोकळीत कोंडलेला प्रकाश यांचेही असेच जमते, हे भौतिकशास्त्रज्ञ जेन्स आणि कमिंग्ज यांनी १९६३मध्ये गणिताने मांडले. ‘अणू उत्तेजित, पोकळी रिकामी’ आणि ‘अणू शांत, पोकळीत एक फोटॉन’ या दोन अवस्थांची ऊर्जा सारखी असली, तर त्या मिसळून दोन नव्या अवस्था होतात. अणूने जणू प्रकाश पांघरलेला असतो, म्हणून त्यांना ‘ड्रेस्ड’ अवस्था म्हणतात. त्यांच्यातले अंतर फोटॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढते: एकाऐवजी चार फोटॉन, तर अंतर दुप्पट. लंबकांचा झोका वाढवून असे होत नाही. पुंजभौतिकीची खरी खूण इथेच आहे.

मात्र ऊर्जा गळून जाण्याआधी ही देवाणघेवाण व्हायला हवी. अतिवाहक चिपवर, जिथे अणूची जागा क्युबिट नावाचे विद्युत मंडल घेते, ते २००४मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात साधले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या अशाच ६ अतिवाहक क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट २०२४मध्ये पूर्ण झाली. डीआरडीओची पुण्यातील प्रयोगशाळा आणि टीसीएस त्यात सहभागी होत्या. त्याच्या रचनेचा पाया कडीच्या आकाराचा अनुनादक आहे, आणि तो याच संस्थेत सुचला. असे मंडल निरपेक्ष शून्याच्या जेमतेम शतांश अंश वर ठेवावे लागते, नाहीतर उष्णतेचेच फोटॉन त्यात शिरतात. क्युबिट वाचताना त्याला थेट हात लावत नाहीत. त्याच्या अवस्थेनुसार शेजारच्या अनुनादकाचा सूर किंचित सरकतो. तो सरकलेला सूरच मोजतात.